गाण्यांची खेडा खरेदी

यवतमाळच्या महागाव तालुक्यात कापूस वेचून घरात आला की खेडा खरेदीवाला दारात हजर. काटा त्याचा, भाव त्याचा, वजनातून कापायचा कडताही त्याचाच. हाच व्यवहार आता गाण्यात आलाय. फरक एवढाच की हा व्यापारी दारात येत नाही. आपणच माल त्याच्या ओट्यावर नेऊन टाकतो आणि त्यानं हाकललं नाही म्हणून खूश होतो.

समजा, होळीला बंजारा तांड्यावरच्या पोरांनी डफावर लेंगी धरली, एकानं ती मोबाइलवर नीट टिपली आणि स्पॉटिफायवर चढवली. कंपनी स्वीडनची, २०१९ पासून भारतात. महागावची लेंगी थेट स्टॉकहोमला! पेढे वाटून होतात आणि मग नियम कळतो. २०२४ पासून बारा महिन्यांत हजारदा वाजल्याशिवाय गाण्याला रेकॉर्डिंगच्या रॉयल्टीचा छदामही मिळत नाही. म्हणजे ९९९ वेळा ऐकलेलं गाणं कुणी ऐकलंच नाही. कडता किलोचा असतो हे आम्हाला ठाऊक होतं, अख्ख्या गाठोड्याचा असतो हे नवीन. बरं, ते पैसे वाऱ्यावर जात नाहीत, हजार ओलांडलेल्यांच्या वाट्यात पडतात. माझी बोंडं अळीनं खाल्ली म्हणून पाटलाच्या वावरात जास्त कापूस फुटला, असं अजून तरी ऐकलेलं नाही.

दोनशे माणसांच्या तांड्यानं प्रत्येकी पाचदा ऐकलं तर हजार भरतील, असा हिशेब एखादा हुशार पोरगा करेल. पण लेंगी तांडा ऐकत बसत नाही, गातो. आणि गाणाऱ्याचा आकडा कुठल्याच काट्यावर पडत नाही.

तसा परदेशवारीचा हा धंदा जुनाच. १९०२ मध्ये कोलकात्यात गायिका गौहर जानचा आवाज टिपला गेला, तबकड्या निघाल्या जर्मनीतल्या हॅनोव्हरला आणि विकायला परत इथे आल्या. तेव्हा आमचा कापूसही असाच मँचेस्टरला जाऊन धोतर होऊन परतत होता. रॉयल्टी हा शब्दही यवतमाळला परका नाही. कापसासाठी बांधलेली आमची शकुंतला रेल्वे सरकारी खात्यानं चालवायची, आणि रुळांपोटी मोबदला मात्र स्वातंत्र्यानंतरही कित्येक वर्षं इंग्रजांच्या काळातल्या खासगी कंपनीला जायचा. गाडी रखडत चालायची हा भाग वेगळा.

कुणाचं भलं झालंच नाही, असं म्हणणार नाही. जळगाव जिल्ह्यातला संजू राठोड २०२४ मध्ये ‘गुलाबी साडी’ घेऊन देशभर वाजला, तेही कुठल्या बड्या सिनेमाच्या आधाराशिवाय. छान झालं. आता गल्लीगल्लीत पोरं मोबाइलपुढे गुलाबी, पिवळी, जांभळी अशा साड्या शोधत बसलीत. एकाला लॉटरी लागली की तिकिटं जोरात खपतात.

तिकडे बंजाऱ्यांचं तीर्थ असलेल्या पोहरादेवीला नगाऱ्याच्या आकाराचं बंजारा संग्रहालय उभं राहिलं, ऑक्टोबर २०२४ मध्ये पंतप्रधानांच्या हस्ते उद्घाटनही झालं. इमारत देखणी आहे. इकडे लग्नात मात्र खरा नगारा दिसला तर मंडळी विचारतात, काहून बाप्पा, डीजे भेटला नाही का?

परवा अशाच एका तांड्यावरच्या लग्नात पाठवणीच्या वेळी डीजेचा जनरेटर बसला. झिंगाट मध्येच तुटलं. त्या शांततेत म्हाताऱ्या बायांनी नवरीच्या गळ्यात पडून ढावलो, म्हणजे पाठवणीचं गाणं, धरला, आणि डीजेवाल्या पोराचेही डोळे भरून आले. पंधरा जणांनी मोबाइल काढले. रात्री ज्यानं त्यानं आपापल्या खात्यावर तो टाकला. आठवड्यानं पाहिलं तर प्रत्येकाकडे साठ-पासष्ट जण येऊन गेलेले.

मी पंधराही खात्यांची बेरीज केली. हजार भरत नव्हते.