काकूंची रुळांवरची युरोपवारी

"काय काकू, कुंपणावर नकाशा वाळत घालून राहिल्या का?"

"वाळत कुठला! यांनी पसरलाय. टेबलावर मावेना, म्हणून इथे आणला. युरोपच्या रेल्वेचा आहे. तो कोपरा दाब बरं जरा, वारा फार सुटलाय."

मी कोपरा दाबला. आमच्या इंदूरजवळच्या राऊमध्ये कोणी परदेशी निघालं की बातमी आमच्या कॉलनीत शेवटी आणि पिथमपुरात आधी पोचते, म्हणून म्हटलं, आज मुळापासूनच ऐकून घेऊ.

"म्हणजे लेकीकडे म्युनिकला रेल्वेने?"

"वेडी का तू! तिथवर विमानच. अवंतिका एक्सप्रेसने मुंबई, पुढे विमान. पण तिथे पोचल्यावर फिरायचं ते रुळांवरून, असा यांचा हट्ट. जावई व्हेनिसच्या विमानाचं स्वस्त तिकीट दाखवत होता. यांनी फोनवरच हिशेब मांडला. बॅगेचे पैसे निराळे, विमानतळ गावाबाहेर, दोन तास आधी हजर राहा, उतरल्यावर पुन्हा बस नाहीतर बोट. गाडी कशी, थेट सांता लुचिया स्टेशनात नेऊन सोडते. पायऱ्या उतरलं की समोर मोठा कालवा."

"बाई! पायाशीच?"

"पायाशीच. आणि नातीचंही एक आहे. जवळच्या जवळ विमानाने गेलं की फार धूर होतो, असं ती आजोबांना ऐकवते. फ्रान्सने म्हणे 2023 पासून, रेल्वेने अडीच तासांत जाता येतं तिथली काही विमानं बंदच केली. आजोबांना काय, आयतंच निमित्त!"

काका मूळचे रेल्वेवेडे. पातालपाणी-कालाकुंडची हेरिटेज गाडी 2018 च्या डिसेंबरात सुरू झाली, तेव्हा पाहुणे आले की त्यांना धबधबा बाजूला ठेवून आधी बोगदे दाखवायचे. आता त्यांचं बोट ब्रेनरवर अडकलंय. म्युनिकहून इन्सब्रुक, तिथून ब्रेनरची खिंड ओलांडून व्हेरोना. हा घाट 1867 पासून चालू आहे, उंची 1,370 मीटर. आता खालून 55 किलोमीटरचा बोगदा खोदताहेत, तेव्हा घाट बघायचा तर आत्ताच, असं त्यांचं म्हणणं. घाट म्हटलं की इंदूरचे होळकर आलेच. तुकोजीरावांनी खंडवा-इंदूर लाइनीसाठी इंग्रजांना 1 कोटी रुपये साडेचार टक्क्यांनी 101 वर्षांसाठी कर्जाऊ दिले, हे काका प्रत्येकाला सांगतात. यशवंतरावांचंही निघतं. जर्मन वास्तुकार मुथेसियसकडून त्यांनी माणिकबाग राजवाडा बांधून घेतला आणि रेल्वेचा सलूनही सजवून घेतला.

"मग पास काढला का? आमच्या नणंदेचा मुलगा यूरेलचा पास यूरेलचा पास करत होता."

"पाहिला ना. साठीच्या पुढे दहा टक्के सूट आहे त्यात."

"बघा! आपल्याकडची ज्येष्ठांची सवलत 2020 ला गेली ती गेलीच."

"पण पास म्हणजे जागा नव्हे गं. इटलीच्या वेगवान गाडीत जागेचे पैसे वरून, रात्रीच्या गाडीतही वरून. आमचा फेरा तो केवढा, म्युनिक, व्हेनिस, व्हिएन्ना, परत म्युनिक. त्याला सुटी तिकिटंच परवडतात, फक्त आधी काढायला हवीत. पास घ्यावा रोज गाव बदलणाऱ्याने."

कोपऱ्यावरच्या बंगल्यातले टूरने जाऊन आले, त्यांची आठवण निघणारच होती. फोटो सगळे बसच्या काचेतून. काय पाहिलं विचारलं, तर म्हणे रोज वरणभात मिळाला.

"पण काकू, जर्मनीच्या गाड्या तर घड्याळ लावून येतात. तुम्हाला धावपळ झेपेल?"

"कसलं घड्याळ! 2024 मध्ये त्यांच्या लांब पल्ल्याच्या शंभरातल्या 62-63 गाड्या वेळेवर आल्या. त्यातही सहा मिनिटांच्या आतला उशीर ते उशीर धरतच नाहीत! म्हणून यांनी गाडी बदलायला सात मिनिटं कुठे ठेवलीच नाहीत. आणि हमाल नसतात तिकडे. आपली बॅग आपण चढवायची. म्हणून एकेकाला एकच बॅग, तीही मी पलंगावर उचलून ठेवू शकेन एवढीच."

हे मला पटलं. पलंगाची परीक्षा आपणही घ्यावी.

मग मात्र माझी तार सटकली. मी अकोल्याची. लग्न होऊन आले तेव्हा मीटरगेजच्या गाडीत बसलं की महू, खंडवा, अकोट करत माहेर यायचं. खंडव्याच्या पुढची ती लाइन ब्रॉडगेजसाठी बंद झाली, मग 2023 च्या सुरुवातीला महूकडूनही ओंकारेश्वर रोडपर्यंतची गाडी थांबली. काकू तिकडे तीन देश रुळांवरून ओलांडणार आणि मी खंडव्याला बसने धक्के खात जाणार!

"होईल गं ब्रॉडगेज. इंदूर-मनमाड लाइनसुद्धा 2024 मध्ये मंजूर झाली, 309 किलोमीटरची."

"मंजूर झाली. माझे गुडघे तोवर मंजूर राहायला पाहिजेत."

काकू हसल्या आणि नकाशा गुंडाळायला लागल्या. व्हेनिसहून रात्री निघायचं, नाइटजेट या रात्रीच्या गाडीत झोपायचं, सकाळी व्हिएन्ना. हॉटेलची एक रात्र वाचते, सकाळचा नाश्ता तिकिटातच.

"रात्रीच्या जेवणाचं काय?"

"तेच विचारायला तुला हाक मारणार होते. तुझ्या हातचा चिवडा दे डबाभर. मात्र लसूण घालू नकोस हो. सहा बर्थची खोली आहे, दार लावून झोपतात, आणि बाकीचे चौघं कोण कुठले असतील देव जाणे."

"मग तळलेल्या मिरच्या?"

"त्या घाल."