मांजर, ढोबळी मिरची आणि सोव्हिन्यों ब्लाँ

पहिली सूचना नावाबद्दल. ते उच्चारायच्या भानगडीत पडू नये. हॉटेलात यादीवर बोट ठेवून 'ही' म्हणावं. वेटरलाही तेच सोयीचं असतं. ज्यांना राहवतच नाही त्यांनी 'सोव्हिन्यों' म्हणून खोकावं, 'ब्लाँ' त्यात निभावून जातं. मात्र त्या नावाआधी 'काबेर्ने' छापलेलं दिसलं तर बाटली परत ठेवावी. ती लाल वाइन. परकी नाही, घरातलीच. 1997 साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या संशोधकांनी डीएनए तपासून जाहीर केलं, की काबेर्ने सोव्हिन्यों हे बडं काळं द्राक्ष म्हणजे काबेर्ने फ्रां आणि आपलं हे पांढरं सोव्हिन्यों ब्लाँ यांचं अपत्य. हे लग्न कुणी लावून दिलेलं नव्हतं, मळ्यातल्या मळ्यात परस्पर जमलेलं. दोन्ही घरांची नावं पोराच्या नावात सरळ दिसत होती, तरी प्रयोगशाळेचा दाखला येईपर्यंत कुणी ठामपणे काही बोललं नाही. खानदानी घरांत असंच चालतं.

दुसरी सूचना ग्लासाची. तो दांडीला धरावा, पोटाला नाही. हाताच्या उबेनं वाइन गरम होते. बाटली आठ ते दहा अंशांपर्यंत गार हवी. बर्फ टाकू नये. अगदी फ्रीझरमधूनही काढू नये, कारण फार गार वाइनला वास येत नाही, आणि वास नसेल तर या वाइनकडे जाण्याचं कारणच उरत नाही.

आता नाक. अभ्यासक्रमाचा सगळा भर इथे आहे.

डोळे बांधून ओळखायला सगळ्यांत सोपी पांढरी वाइन कोणती, तर हीच. शार्डने बनवणाऱ्याच्या मर्जीप्रमाणे रूप बदलते. सोव्हिन्यों ब्लाँ दारातूनच आपण आल्याचं ओरडून सांगते. तिच्या वासाची दोन घराणी आहेत. पहिलं हिरवं. त्याला जबाबदार पायराझिन नावाचे रेणू, आणि त्यांतला मुख्य रेणू ढोबळी मिरचीतही असतो. सारखा नव्हे, तोच. लिटरभर वाइनमध्ये तो काही नॅनोग्रॅम, म्हणजे ग्रॅमचे काही अब्जांश, एवढाच असला तरी नाकाला कळतो. गृहपाठ म्हणून मंडईतून एक ढोबळी मिरची आणावी, देठाजवळ मोडावी आणि डोळे मिटून हुंगावी. हे घरी करावं, भाजीवाल्या मावशींच्या समोर नाही.

घडांवर ऊन पडत गेलं आणि द्राक्ष पिकत गेलं की हा रेणू घटतो. म्हणून थंड मुलखातली वाइन हिरवी लागते, आणि म्हणूनच बागायतदार घडाभोवतीची पानं विचार करून काढतो. फार ठेवली तर ग्लासात मिरचीची भाजी, फार काढली तर नुसतंच गोडसर पाणी.

दुसरं घराणं गंधकाचं. घाबरू नये. थायॉल नावाची ही गंधकयुक्त संयुगं द्राक्षात बिनवासाच्या रूपात बांधलेली असतात. रस आंबताना यीस्ट ती मोकळी करतं. बोर्डोच्या विद्यापीठात दनी द्युबुर्दिय आणि ताकातोशी तोमिनागा यांनी 1990च्या दशकात ती एकेक करून ओळखली. एकाला पॅशनफ्रूट आणि पेरूचा वास, दुसऱ्याला बॉक्सवूडच्या झुडपाचा, आणि प्रमाण वाढलं तर मांजराच्या मुताचा. नाक मुरडू नये, जाणकार हे कौतुकानं सांगतात. न्यूझीलंडच्या कूपर्स क्रीक या कंपनीनं तर या वासाचं नावच एका वाइनला दिलं, गूजबेरीच्या झुडपावर मांजरानं केलेल्या कृत्याचं सविस्तर नाव, आणि लोकांनी पैसे देऊन ती घेतली.

इथे मराठी विद्यार्थ्याला आयता फायदा मिळतो. पेरू म्हणजे काय हे युरोपातल्या कित्येक विद्यार्थ्यांना डब्यातल्या सरबतावरून शिकावं लागतं. आपण तो शाळेच्या फाटकाबाहेर तिखटमीठ लावून शिकलो आहोत. तेव्हा पुस्तकातली परदेशी फळं पाठ करत बसू नये. वहीत लिहावं: अर्धकच्चा पेरू, कैरीची साल, नुकती निवडलेली कोथिंबीर, पावसाळ्यात कापलेलं गवत. सगळे वास खरोखर सापडतात. पार्टीत मात्र एकाच वासाचं नाव घ्यावं. तीन घेणाऱ्याच्या हातात पुढच्या वेळी वाइनची यादी येते, आणि तिच्यामागोमाग बिलही.

भूगोल थोडक्यात. फ्रान्समध्ये लवार नदीच्या एका काठावर साँसेर, समोरच्या काठाच्या बाजूला पुई-फ्युमे; दोन्हींकडे हेच द्राक्ष, पण लेबलवर बहुधा त्याचं नाव नाही. फ्रेंच माणूस गावाचं नाव सांगतो आणि बाकीचं तुम्हाला ठाऊक आहे असं धरून चालतो. पुई-फ्युमे आणि पुई-फ्युइसे यांत गल्लत करू नये. दुसरी शार्डने आहे, आणि ही गल्लत व्हावी म्हणूनच नावं ठेवली असावीत असा आमचा संशय आहे. कॅलिफोर्नियात या द्राक्षाला मान नव्हता, तेव्हा रॉबर्ट मोंडावी यांनी 1968 साली त्याची वाइन लाकडी पिंपात मुरवून 'फ्युमे ब्लाँ' या नावानं आणली. द्राक्ष तेच, नाव फ्रेंच वाटणारं, चालली. न्यूझीलंडच्या मार्लबरोत 1973 साली आधुनिक काळातल्या लागवडीला सुरुवात झाली आणि 1985 साली निघालेल्या क्लाउडी बे या कंपनीनं जगाला तो मिरची-पॅशनफ्रूटचा दणका दिला. आज बहुतेक लोक सोव्हिन्यों ब्लाँ म्हणतात तेव्हा त्यांच्या डोक्यात तोच दणका असतो.

आणि नाशिक. राजीव सामंत यांच्या सुलानं 1997 साली इथे हे द्राक्ष लावलं आणि 2000 साली वाइन बाजारात आणली. आपल्याकडे वेल हिवाळ्यात झोपत नाही, म्हणून त्याला कात्रीनं वेळापत्रक शिकवावं लागतं: एप्रिलात खरड छाटणी, सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमाराला फळछाटणी, आणि काढणी जानेवारीपासून पुढे, ऊन तापायच्या आत. उन्हानं आंबटपणा झपाट्यानं उतरतो, म्हणून घड पहाटेच्या गारव्यात तोडतात. बागेत जाऊन चाखायला मागितलंत तर हिरमोड होईल. थॉमसन द्राक्षांची सवय झालेल्या जिभेला ही बारकी, बियांची द्राक्षं म्हणजे कुणीतरी केलेली चेष्टा वाटते.

जेवणाचा नियम एकच: आंबट आणि हिरवं असेल तिथे ही चालते. साँसेरकडे लोक बकरीच्या दुधाचं चीज खातात, आपल्याकडे कोथिंबीर वडी, लिंबू पिळलेली सुरमई, तिसऱ्या. मिसळ नको. अल्कोहोलनं तिखट आणखी पेटतं आणि तर्रीपुढे त्या नाजूक रेणूंचं काही चालत नाही.

शेवटचा धडा शोकेसचा. परदेशातून भाच्यानं आणलेली बाटली काचेच्या कपाटात, ट्यूबलाइटच्या उजेडात, 'चांगल्या प्रसंगासाठी' उभी असते. वाइन जुनी तितकी चांगली हे या द्राक्षाला सहसा लागू नाही. बोर्डोच्या काही महागड्या, सेमियों द्राक्ष मिसळलेल्या बाटल्या सोडल्या तर दोन-तीन वर्षांत ती संपवलेली बरी. उजेड आणि उकाडा तिचे वैरी. तेव्हा तारीख बघावी, बाटली दुपारीच फ्रिजमध्ये ठेवावी. बूच काढायचं यंत्र शोधत ड्रॉवर उपसू नयेत. न्यूझीलंडची असेल तर बहुतेक झाकण नुसतं फिरवायचं असतं. भाच्याला फोन जेवणानंतर करावा, कारण तो किंमत सांगेल.