घराक कॅमेरो आसा!

खारेपाटणात वाडीगणिक दोन-चार बंद घरं असतात. घर इथे, मालक डोंबिवलीत आणि खळं मालकाच्या मोबाईलमध्ये. हा कॅमेरावाला चाकरमानी.

माणूस तसा भलता सावध. गणपती उरकून निघताना दाराला कडी, कडीला कुलूप आणि कुलूप गंजू नये म्हणून त्याला प्लास्टिकची पिशवी. वर राखणदाराला नारळ ठेवून गाऱ्हाणं. वायफायचा पासवर्ड मात्र घराचं नाव आणि पुढे १२३. घराचं नाव गेटवर संगमरवरात कोरलेलं! कॅमेऱ्याचा पासवर्ड तर डब्यातून निघाला तोच, 'अ‍ॅडमिन'.

शुक नदीचं पाणी बाजारपेठेत शिरलं की याच्या अंगात येतं. ऑफिसातून काकांना फोन, "काका, पाणी दुसऱ्या पायरीक लागला!"

"अरे, माका दिसता. मी हंयच उभो आसंय," पाण्यातले काका म्हणतात.

पासवर्ड बदल म्हटलं की हसतो. "चोर काय माझ्या खळ्यातले कोंबडे मोजतले?" मग त्याला २०१६ची गोष्ट सांगावी लागते. मिराय नावाच्या प्रोग्रॅमने कारखान्यातून आलेल्या ठरावीक नाव-पासवर्डांच्या साठेक जोड्या घोकून लाखो कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले. अशाच उपकरणांनी २१ ऑक्टोबरला वेबसाइटचे पत्ते शोधून देणाऱ्या 'डाइन' या अमेरिकन कंपनीवर एकदम विनंत्यांचा मारा केला. ट्विटर, नेटफ्लिक्स काही तास अडखळले. कॅमेऱ्यांच्या मालकांना बहुधा पत्ताही नव्हता. चोराला कोंबडे नको असतात, त्याला राबायला कॅमेरा हवा असतो.

इथे मात्र तो ताठ बसतो. "म्हणजे वीजबिल माझा नि काम त्येंचा?"

सुरक्षेने जे झालं नाही ते वीजबिलाने झालं. त्याच संध्याकाळी त्याने भलामोठा, अवघड पासवर्ड ठेवला. वायफायला आणि कॅमेऱ्याला तोच. आणि लाईट गेल्यावर कुणीतरी राउटर चालू करायला हवा म्हणून तो भावकीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकला. त्या ग्रुपात खळ्याच्या हद्दीवरून ज्याच्याशी कोर्टात दावा चालू आहे तो चुलतभाऊही आहे. त्याने लगेच अंगठा दाखवला.

राउटर चालू करायला बटण लागतं, पासवर्ड नव्हे, हे त्याला कोण सांगणार?

तुमचंही घर गावी असेल तर कॅमेऱ्याचा पासवर्ड वेगळा ठेवा, अपडेट आलं की घ्या. बऱ्याच राउटरवर पाहुण्यांसाठी निराळं गेस्ट नेटवर्क करता येतं, आल्यागेल्याला तेवढंच द्या. भावकी पाहुण्यांतच धरावी.