आमची फनू

आमच्या तलमडुगुत मराठी ही घरात बोलायची भाषा, तेलुगु शाळेत शिकायची, हिंदी आदिलाबादच्या बाजारात भांडायची आणि इंग्रजी फक्त फॉर्म भरायची. या चौथ्या भाषेत मी कच्चा. तरी चार वर्षांपूर्वी पोरीच्या पासपोर्टचा फॉर्म मीच भरला. तेलंगणात दहावीच्या मेमोवर, म्हणजे गुणपत्रिकेवर, आडनाव आधी, नाव मागून. आमच्या मराठी रीतीत नाव, मग बापाचं, मग आडनाव. फॉर्मवर चौकोन दोनच. कुणाला कुठं बसवावं या घोळात मी सगळी वरात ‘सरनेम’च्या मांडवात बसवली आणि ‘गिव्हन नेम’चा चौकोन कोरा सोडला.

पोरगी हैदराबादला बी.टेक. झाली आणि एक दिवस जेवताना म्हणाली, “बाबा, एमेससाठी अमेरिकेत अर्ज करते.”

माझी आई भाकरी मोडता मोडता थांबली. “इतक्या लांब कायले? आदिलाबादले कालेज नाही काय?”

मला वाटलं, अर्ज म्हणजे एक कागद, खाली ‘आपली विश्वासू’. पण अमेरिकेला ‘एसओपी’ नावाचा निबंध लागतो. आपण कोण, काय शिकलो, पुढं काय करणार, सगळं दोन पानांत. एका कन्सल्टन्सीवाल्यानं तो तयारच दिला: ‘लहानपणापासून मला संगणकाचं वेड होतं.’ मी म्हटलं, पोरी, तुझ्या लहानपणी आपल्या घरात मशीन म्हणून एकच वस्तू होती, पाठीवरचा फवारणी पंप. आणि त्याचं वेड कुणालाच नव्हतं.

मग तिनं स्वतःच लिहिलं. सातवीत असताना ती पऱ्हाटीतले कामगंध सापळे रोज सकाळी तपासायची. एका सापळ्यात आठ-आठ पतंग सलग तीन दिवस सापडले की गुलाबी बोंडअळीसाठी फवारा, असं कृषीवाले सांगायचे. ही वहीत रकाने पाडून पतंगांचा हिशेब ठेवायची आणि मला बजावायची, “काल पाच, आज सात. पंप काढू नका, बाबा.” शेजारी दोनदा फवारून मोकळा, आणि मी सातवीतल्या पोरीच्या परवानगीची वाट बघत धुऱ्यावर बसलेलो. कन्सल्टन्सीवाला म्हणाला, “अळी काढून टाका, इम्प्रेशन खराब होतं.” तिनं अळी ठेवली, कन्सल्टन्सी सोडली.

शिफारसपत्रं तीन लागतात. त्यातलं एक देणारे सर म्हणाले, “तूच लिहून आण, मी सही करतो.” स्वतःची स्तुती करायची म्हणजे पोरीला लाजच फार; चार दिवस खपून तिनं बेताचं लिहून नेलं. सरांनी शांतपणे वाचलं, सही केली आणि म्हणाले, “इतकी हुशार होतीस? वर्गात कधी कळलं नाही.”

आनंदीबाई जोशींचं बरं होतं म्हणायचं. नवऱ्यानं, गोपाळरावांनी, एका मिशनऱ्याला लिहिलेलं पत्र अमेरिकेतल्या मासिकात छापून आलं आणि न्यू जर्सीच्या कार्पेंटरबाईंनी ते दातांच्या डॉक्टरकडे नंबर लावून बसल्या असताना वाचलं. तिथून ओळख वाढत 1883 साली आनंदीबाई पेनसिल्व्हेनियाच्या मेडिकल कॉलेजात पोचल्या. त्या काळी जीआरईसारखी परीक्षा नव्हती, कुणाची तरी दाढ दुखली तरी भागायचं. (बोटीवरचे दोन महिने मी हिशेबात धरलेले नाहीत, हे कबूल.)

शेवटची तारीख 15 डिसेंबर, रात्री 11:59. पण ती रात्र त्यांची. आमच्याकडे दुसऱ्या दिवशी सकाळचे 10:29, म्हणजे बाया कापूस वेचायला लागून घामाघूम झालेल्या असतात ती वेळ. नेटवर्क गच्चीवरच येतं, म्हणून पोरगी लॅपटॉप घेऊन वर आणि घरातले सगळे खाली मान वर करून. दहा वाजून वीस मिनिटांनी वरून आवाज आला, “गेला!” आईला वाटलं लॅपटॉपच खाली पडला.

प्रवेश मिळाला. मग पैशाची कागदपत्रं. सीएनं आमच्या सहा एकर काळ्या जमिनीची किंमत डॉलरमध्ये लिहून दिली. त्या दिवशी मी गावातून जरा ताठ चाललो. सोबतच्या बँक स्टेटमेंटमध्ये मात्र तेव्हाच्या ‘रैतु बंधू’ योजनेचे एकरी पाच हजार दिसत होते. डॉलरमधली जमीनदारी आणि सरकारी मदत एकाच फायलीत. शेतकरी म्हणजे काय ते अमेरिकेला एवढ्यात कळावं. सेविस या विद्यार्थी-नोंदणीचे 350 आणि व्हिसाचे 185 डॉलर भरले. 2024-25 च्या 7,521 रुपयांच्या हमीभावानं सहा क्विंटल कापूस झाला. त्याचा धागासुद्धा निघाला नाही.

बायकोनं चिलकूरच्या बालाजीला 11 प्रदक्षिणा घातल्या. व्हिसा बालाजीच म्हणतात त्याला. मागताना 11, मिळालं की 108. सावकारानं लाजावं असा दर, पण देव दानाची हुंडी ठेवत नाही, हे चांगलं.

हैदराबादेत नानकरामगुड्याला अमेरिकेच्या वकिलातीच्या रांगेत पोरगी आत गेली आणि मला बाहेर एकदम आदिलाबादचा मार्केट यार्ड आठवला. वर्षभर राबून, गाडी भरून, रात्रभर तिथं थांबायचं. मग एक माणूस येतो आणि कापसात ओलाव्याचं यंत्र खुपसतो. आठ टक्के निघाले तर पुरा भाव, बाराच्या वर गेले तर सरकारी खरेदी करणारी सीसीआय माल घेत नाही. वर्ष संपतं दोन मिनिटांत. काचेमागचा साहेबही ओलावाच मोजतो. त्यांचा कायदा प्रत्येकाला कायमचा राहायला आलेला धरून चालतो. तसं नाही, हे आपण पटवायचं. आमच्याकडे पाहायला आलेल्यांना पोरीनं सांगायचं असतं, तुमच्या घरी जन्मभर नांदेन. इथं सांगायचं, तुमच्या घरी अजिबात राहणार नाही, पण आत घ्या.

तीन प्रश्न विचारले म्हणे. तिसरा, वडील काय करतात. “कापूस पिकवतात,” ती म्हणाली. पास.

पासपोर्ट परत आला. व्हिसावर नावाच्या जागी तीन अक्षरं: एफएनयू. म्हणजे ‘फर्स्ट नेम अननोन’. कोऱ्या चौकोनाची चार वर्षांनी आलेली पावती. धाकट्यानं ती अक्षरं जोडून वाचली, “फनू!” आई तेव्हापासून नातीला फनूच म्हणते. पण बारशाला नाव ठेवायचा मान आत्याचा. माझी बहीण किनवटहून मुद्दाम आली, व्हिसावर बोट ठेवून म्हणाली, “म्या ठेवलेलं नाव कोठी गेलं, दादा?”

मी तिला पुन्हा एक साडी घेतली. तुमच्याकडे कुणाचा पासपोर्ट व्हायचा असेल, तर तो दुसरा चौकोन तेवढा भरा. साड्या महाग झाल्यात.