पहिल्या प्रहराचा कारभार

मामलेदार कचेरीतून अव्वल कारकून म्हणून सेवानिवृत्त झालेल्या गृहस्थाने उर्वरित आयुष्य कोणत्या कामी खर्ची घालावे याविषयी आपल्या समाजात काही संकेत रूढ आहेत. कुंडीतील गुलाबास खत घालणे, विष्णुसहस्रनामाचे पाठ करणे आणि निवृत्तिवेतनाच्या थकबाकीसंबंधी पत्रव्यवहार करीत राहणे, यांपैकी कोणत्याही मार्गाने तो गेला तरी त्याच्या बुद्धीविषयी कोणी शंका घेत नाही. मी मात्र क्लबात जाऊन नृत्योत्सुक तरुण मंडळींसमोर गाणी वाजवण्याचे योजिले, आणि ही तजवीज घरात प्रथम मांडली तेव्हा डॉक्टरांनी नुकतेच कोणते नवे औषध सुरू केले आहे, याची सौभाग्यवतीने चौकशी केली. पूर्वदाखल्यावाचून कोणतीही अपूर्व गोष्ट करू नये हे मी कचेरीत शिकलो असल्यामुळे तसा दाखला आधीच काढून ठेवला होता. टोकियोत डंपलिंगांचे उपाहारगृह चालवणाऱ्या सुमिको इवामुरो या बाईंनी सत्तरी उलटल्यावर या विद्येचे रीतसर शिक्षण घेतले, काबुकिचो भागातील क्लबात त्या वाजवू लागल्या, आणि २०१८ साली, वयाच्या ८३ व्या वर्षी, जगातील सर्वांत वयोवृद्ध व्यावसायिक क्लब-डीजे म्हणून गिनीजच्या पुस्तकात त्यांची नोंद झाली. त्यांच्या हिशेबाने मी अद्याप उमेदवारीतच आहे.

गुरुस्थानी माझा भाचा लाभला. आठवडाभर तो संगणकाची नोकरी करतो आणि शनिवारी रात्री पुण्यातल्या क्लबांतून वाजवतो. त्यामुळे रविवारी दुपारी, त्याचे डोळे उघडल्यावर, माझी शिकवणी असे. 'मामा, आधी महिनाभर नुसतं ऐका, यंत्राचं नंतर बघू,' असा त्याचा उपदेश होता. परंतु तीन दरपत्रके आल्यावाचून टाचण्यांची डबीही खरेदी करू नये, या शिरस्त्यात वाढलेल्या माणसास खरेदी पुढे ढकलणे सहज जमते. दरपत्रके मागवणे पुढे ढकलणे जमत नाही.

पहिले दरपत्रक फिरत्या तबकडीचे. जपानच्या टेक्निक्सने १९७२ साली एसएल-१२०० हे यंत्र काढले ते वस्तुतः घरी निवांत संगीत ऐकणाऱ्या रसिकांसाठी. पण त्यात तबकडी पट्ट्याने फिरवण्याचे सोडून मोटारच थेट तिच्याखाली बसवलेली असल्यामुळे थोपवलेली तबकडी हात काढताच क्षणार्धात पूर्ण गतीस येई, आणि हा गुण रसिकांपेक्षा नृत्यगृहांना अधिक मानवला. १९७९ च्या दुसऱ्या आवृत्तीत गती आठ टक्क्यांपर्यंत कमीअधिक करणारी सरकपट्टी आली, आणि पुढची तीन दशके या यंत्राने क्लबांवर निरंकुश अंमल केला. २०१० साली उत्पादन बंद झाले. लोकांची हळहळ सहा वर्षे चालली, आणि २०१६ साली ते पुन्हा सुरू झाले. (सरकारी निवृत्तांच्या वाट्यास अशी फेरनियुक्ती क्वचितच येते.) या तबकडीच्या कडेस ठिपक्यांच्या चार ओळी असतात आणि बाजूचा एक लहान तांबडा दिवा त्यांवर लुकलुकत असतो, गती बिनचूक जुळली की त्यांतील एक ओळ डोळ्यास निश्चल भासते. अखंड फिरत असूनही जागच्या जागी दिसणारी ही वस्तू पाहून मला कचेरीची तीव्र आठवण झाली आणि मी मनोमन तिच्या बाजूने कौल दिला. हरकत निघाली ती वजनाची. एकेक यंत्र बारा किलोंच्या आसपास, आणि आमचे बिऱ्हाड लिफ्ट नसलेल्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर.

'आणि अहो, दोन कशाला?' सौभाग्यवतीने विचारले. 'एक बिघडलं तर दुसरं असावं म्हणून?'

हा प्रश्न वाटतो तितका भाबडा नाही. ११ ऑगस्ट १९७३ रोजी न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागात, १५२० सेजविक ॲव्हेन्यू या पत्त्यावरील इमारतीच्या सभागृहात, सिंडी कॅम्पबेल या मुलीने शाळेसाठी नवे कपडे घेता यावेत म्हणून तिकीट लावून नाचगाण्याचा कार्यक्रम ठेवला, आणि वाजवण्यास तिचा भाऊ क्लाइव्ह, म्हणजे पुढे कूल हर्क या नावाने ख्यातकीर्त झालेला गृहस्थ, उभा राहिला. गाणारा थांबून नुसत्या तालवाद्यांचा तुकडा सुरू झाला की नाचणाऱ्यांना खरा उमाळा येतो, हे त्याने हेरले होते. पण तो तुकडा बहुधा काही सेकंदांतच संपे. तेव्हा एकाच ध्वनिमुद्रिकेच्या दोन प्रती दोन यंत्रांवर ठेवाव्या, एकीवरचा तुकडा संपता संपता दुसरीवर तोच सुरू करावा आणि तेवढ्यात पहिली मागे फिरवून सिद्ध ठेवावी, अशी युक्ती त्याने काढली, आणि हिप-हॉपची वंशावळ लोक तेथून मोजतात. सौभाग्यवतीने हे सर्व शांतपणे ऐकून घेतले. त्यातील बहिणीच्या कपड्यांसाठी भाऊ राबला एवढाच भाग तिला विशेष पटला; तिला तीन भाऊ आहेत आणि तो वृत्तान्त त्याच संध्याकाळी तिघांच्याही कानी घालण्यात आला.

दुसरे दरपत्रक सीडीजेचे. पायोनियरचे सीडीजे-१००० हे यंत्र २००१ साली आले आणि चकतीवरचे संगीतही तबकडीसारखे हाताने मागेपुढे ढकलता येते हे सिद्ध झाले. आज बहुतेक क्लबांतून याच कुळातील यंत्रे मांडलेली असतात, आणि २०२० च्या सीडीजे-३००० मध्ये तर चकती घालण्याची खाचच काढून टाकून अंगठ्याएवढ्या पेनड्राइव्हवर सारा कारभार सोपवला आहे. किंमत मात्र अंगठ्याएवढी नाही. एकेक नग लाखांत, असे दोन नग, आणि त्यांच्यामध्ये मिक्सर. एवढ्या रकमेची दरखास्त ज्या प्राधिकाऱ्यापुढे ठेवावी लागली असती ती त्या वेळी लसूण सोलीत होती, आणि तिच्या हाती सुरी असल्यामुळे मी ती ठेवली नाही.

राहिला कंट्रोलर: दोन चाके आणि मधला मिक्सर एकाच हलक्या पेटीत, आणि पेटी लॅपटॉपला जोडलेली. जाणकार मंडळी त्यास खेळणे म्हणून हिणवतात. माझे मत तसे नाही. या विद्येचे खरे मर्म आवाज बाहेर पडण्याच्या दोन स्वतंत्र वाटांत आहे, एक सभागृहाकडे आणि दुसरी वाजवणाऱ्याच्या कानाकडे. लोक चालू गाणे ऐकत असतात त्याच क्षणी याने पुढचे ऐकून, त्याची लय जुळवून, ते उंबऱ्यापाशी आणून उभे करावयाचे असते. ज्या पेटीत ही दुसरी वाट नाही ती खुशाल खेळणे समजावी. जीत ती आहे तीवरील बाकीच्या कळा आणि रंगीत दिवे शोभेचे मानून चालावे. तिसरे दरपत्रक मंजूर झाले.

बचत झालेल्या रकमेतून भाच्याने दोन वस्तू सक्तीने घेवविल्या. एक, कान पूर्ण झाकणारे दणकट हेडफोन. दुसरी, कानात घालावयाचे बोळे. अमेरिकेतील नायॉश या संस्थेच्या शिफारशीप्रमाणे ८५ डेसिबलांचा आवाज माणसाने आठ तास सोसावा आणि पुढे दर तीन डेसिबलांस ही मुदत निम्मी होत जावी. म्हणजे शंभर डेसिबलांच्या खोलीत निर्धोक मुदत पंधरा मिनिटांची ठरते आणि कामगिरी तर कित्येक तासांची. बोळ्यांचा एक जोड सौभाग्यवतीने आपल्या ताब्यात घेतला आहे, कारण हेडफोन लावून सराव करताना मी मोठ्याने गातो, असे तिचे म्हणणे आहे. वायरी आणण्यास पासोड्या विठोबापाशी गेलो तेव्हा दुकानदाराने 'मिरवणूक कोणत्या मंडळाची?' असे विचारून दोन टॉप, चार बेस आणि टेंपोचे भाडे यांचा आकडा कागदावर मांडलादेखील होता. तो कागद मी चौथे दरपत्रक म्हणून दफ्तरी लावला.

सरावाचे शास्त्र सांगावयास सोपे आहे. हाऊस नावाच्या नृत्यसंगीतात मिनिटास साधारण १२० ते १२८ ठोके पडतात, आणि बत्तीस ठोक्यांचे एक आवर्तन संपताच काहीतरी नवे घडते. एका गाण्याच्या आवर्तनाचा आरंभ दुसऱ्याच्या आरंभाशी गाठावा, दोघांची गती एक करावी, आणि दोन खर्ज एकाच वेळी घुमून गोंगाट होऊ नये म्हणून एकाचा खर्ज उतरवीत दुसऱ्याचा चढवावा. सिंक नावाची कळ दाबली की गतीची जुळणी यंत्र स्वतःच करते, आणि ती दाबणे हे कौशल्य की लबाडी, यावर या व्यवसायात हमरीतुमरी चालते. माझ्या मते कळ अवश्य दाबावी. मात्र पंचमदांच्या काळातले एखादे गाणे लावावयाचे झाल्यास तिच्या भरवशावर राहू नये, कारण त्या काळी ताल धरणारा मनुष्य असे, रंगात आला की किंचित पुढे धावे, आणि यंत्रास माणसाचे रंगात येणे अद्याप मोजता येत नाही.

क्लबात प्रवेश मिळवण्याच्या कामी मात्र या साऱ्या सामग्रीचा काडीइतका उपयोग नाही, कारण तेथील यंत्रे क्लबाची असतात आणि आपण घरी काय बाळगतो हे कोणी विचारीत नाही. हेडफोन आणि दोन पेनड्राइव्ह न्यावयाचे. येथे सौभाग्यवतीचे अनुमान अक्षरशः लागू पडते: दुसरा पेनड्राइव्ह पहिला ऐन वेळी मौन धरील म्हणूनच असतो. दोन्ही एफएटी३२ या जुन्या पद्धतीने सिद्ध केलेले बरे, कारण जुनी यंत्रे नव्या पद्धतींना ओळख देत नाहीत. भाच्याच्या सांगण्यावरून मी आठवड्याच्या मधल्या वारी एका क्लबात जाऊन बसू लागलो. लिंबूसोडा घ्यावा, वाजवणाऱ्याच्या हातांकडे पाहावे, फर्माईश मुळीच करू नये आणि निघताना चार शब्द कौतुकाचे बोलावे, एवढाच परिपाठ. अर्जाचा नमुना नाही, आवक-जावक बारनिशी नाही. आपल्या वादनाचे तासाभराचे ध्वनिमुद्रण व्यवस्थापकाच्या मोबाइलवर धाडावे आणि तो ते ऐकणार नाही हे गृहीत धरावे.

अखेर त्या तरुण व्यवस्थापकाने मला एकच प्रश्न विचारला. 'काका, माणसं किती आणाल?'

कोणत्याही नवोदितास हाच प्रश्न विचारला जातो असे भाच्याकडून कळले. नवोदितास मिळते ती वेळ पहिल्या प्रहराची, जेव्हा खुर्च्या रिकाम्या असतात आणि वेटर काचा पुसत असतात; तरुण मंडळी अकरानंतर उगवतात. माझ्या परिचयाची मंडळी मात्र ज्येष्ठ नागरिक संघाची, आणि ती दहास निजतात. गुरुवारी रात्री आठ वाजता संघ झाडून हजर झाला, नऊच्या सुमारास एकही टेबल रिकामे नव्हते, आणि मसाला पापड दोनदा संपले. कोमट पाण्याची एवढी मागणी त्या बारने पूर्वी पाहिली नसावी.

आणि वाजवावयाचे काय? भाच्याचे फर्मान स्पष्ट होते: गाजलेले एकही गाणे लावू नये, गती ११० च्या फार पुढे नेऊ नये, आवाज चढवू नये, मिक्सरवरचा लाल दिवा पेटू देऊ नये, लोकांना बोलता यावे, पाय हलावेत, पण कोणी नाचून दमू नये, कारण दमवण्याचा मान पुढच्याचा. पंगतीत मीठ वाढणाऱ्याचे हे काम आहे. तो आधी येतो, त्याच्यावाचून पान पुरे होत नाही, आणि जिलबी कोणी वाढली हे सांगणाऱ्यांना मीठ कोणी वाढले ते आठवत नाही. हे आत्मविलोपन तरुणांस जड जाते; पहिल्या अर्ध्या तासातच आपल्या भात्यातील उत्तमोत्तम बाण सोडून मोकळे होणारे पुष्कळ असतात, आणि मागून येणाऱ्यास रिकामा भाता व थकलेली माणसे मिळतात. मला ते मुळीच जड गेले नाही. साहेबाच्या सहीसाठी उत्तम मसुदे लिहून त्याखाली आपले नाव न घालण्यात माझी हयात गेली आहे.

साडेदहास पुढचा वादक आला, कानात बाळी घातलेला, अत्यंत विनयशील मुलगा. येथे माझा अनुभव खरा कामास आला, कारण कार्यभार हस्तांतरणाच्या बाबतीत मी कोणाचेही ऐकून घेणार नाही. चालू गाणे अर्ध्यावर तोडावयाचे नाही, ज्या पेनड्राइव्हवरून ते वाजत आहे तो उपसावयाचा नाही, गती त्याला वर नेता येईल इतकी खाली ठेवावयाची. त्याखेरीज मी दोन प्रतींत यादी करून नेली होती: प्लेअर दोन, चालू स्थितीत, मिक्सर एक, लाल दिवा, संपूर्ण मुदतीत न पेटलेला, शिल्लक गाणे, तीन मिनिटे. मुलाने दोन्ही प्रतींवर सही केली, एक ठेवून घेतली, आणि मग क्षणभर काहीतरी सुचल्यासारखे होऊन माझ्या पाया पडला.

मानधनाऐवजी व्यवस्थापकाने पेयांची दोन कूपने दिली, जी मी पावती देऊन स्वीकारली. त्याची मुद्रा अतिशय प्रसन्न होती. पुढच्या गुरुवारी संघ येईल ना, असे त्याने आवर्जून विचारले. त्या वेळी वाजवणार कोण, याविषयी त्याची काहीच हरकत नव्हती.