स्मूदी आणि तिचं भांडं

स्मूदी पिण्यासाठी असते असं ज्यांना वाटतं, त्यांनी ती अजून केलेली नाही. स्मूदी आधी दाखवायची असते. जयपूरच्या जगतपुऱ्यात नवव्या मजल्यावर राहण्याचा मोठा फायदा म्हणजे सकाळी गॅलरीच्या कठड्यावर पेला ठेवला की मागे झालानाचे डोंगर येतात. कोवळं ऊन पेल्यातून आरपार जातं, पालकाचा हिरवा उजळतो आणि कठड्याखालची वाळत घातलेली बनियनं फोटोत येत नाहीत. फोटो घरच्या ग्रुपवर पडायचा, खाली ‘निरोगी सुरुवात!’ असं लिहून. पुण्याच्या आत्येभावाचा अंगठा आला नाही, तर ती स्मूदी माझ्या अंगीच लागत नसे.

“अहो, त्या डोंगरात बिबटे आहेत,” बायको म्हणायची. “एखाद्याला हाक मारा, अर्धा पेला उरलाय.”

उरायचाच. कारण दिसणं आणि चव यांचं आमच्याकडे कधी जमलं नाही. नुसता पालक घातला तर रंग देखणा आणि चव कुंपणाची. चवीसाठी गाजर-बीट घालावं, तर हिरव्यात लाल मिसळून जो रंग येतो तो जगतपुऱ्याच्या खोदलेल्या रस्त्यावर पहिल्या पावसानंतर साचतो तसा. पण बीटाचं खरं नाट्य दुसऱ्या दिवशी सकाळी घडतं. बीटाचा लाल रंग काही जणांच्या शरीरात पुरता मोडत नाही, तो तसाच लघवीतून बाहेर पडतो. हे निरुपद्रवी असतं. मात्र ते कळण्याआधी माणसाचं मनातल्या मनात मृत्युपत्र लिहून होतं. माझं झालं होतं. मिक्सर कोणाला द्यायचा, तिथे अडलं होतं.

हिवाळ्यात तर इथे मोहाला अंतच नाही. लांबलचक लाल गाजरं, चौमूकडचे आवळे, बथुव्याच्या जुड्या. ठेलेवाला माझी पिशवी भरताना विचारायचा, “साहब, मेहमान आ रहे हैं क्या?” पाहुणे नाहीत, हे सगळं एका पेल्यात जाणार आहे, असं सांगितल्यावर त्याने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, त्यात दया होती आणि दर वाढवण्याचा विचारही. शेजारच्या भाभीजींनी एक घोट घेतला आणि सरळ सांगितलं, “इससे तो हमारी राबड़ी अच्छी.” बाजरीचं पीठ ताकात शिजवलेली ती राबडी मी प्यायलोय. भाभीजींचं बरोबर आहे.

‘साखर अजिबात नाही’ असं मी ग्रुपवर ठासून सांगत असे. दोन केळी, एक सफरचंद, चार खजूर आणि वर मधाची धार, यातली साखर माझ्या हिशेबी धरायची नव्हती. ब्रिटनची सरकारी आरोग्यसेवा सांगते की फळांचा रस आणि स्मूदी मिळून दिवसाला १५० मिलिलिटरच्या वर जाऊ नका, कारण फळ चुरडलं की त्याची साखर मोकळी होते. १५० मिलिलिटर म्हणजे आमच्याकडचा चहाचा कप. माझा पेला बिअरचा होता. पपई दुधात फिरवून ठेवली तर थोड्या वेळात कडू होते, पपईतलं पेपेन दुधाची प्रथिनं तोडतं म्हणून. आणि दुधी! दुधीचा कडू रस पिऊन काही जण दगावले, तेव्हा आयसीएमआरने तज्ज्ञांची समिती नेमली होती. दुधीची फोड आधी जिभेवर ठेवून बघायची, कडू लागली तर अख्खा दुधी टाकून द्यायचा. एवढं सोपं आहे, पण स्मूदीवाला माणूस चाखून बघत नाही, तो थेट बटण दाबतो.

बटणावरून आठवलं. मिक्सर या विषयावर मला कोणी थांबवू नये.

फिरतं पातं भांड्याच्या बुडाशी बसवण्याची कल्पना स्टीफन पॉप्लाव्स्की या गृहस्थाची. अमेरिकेत विस्कॉन्सिनमधल्या रसीन गावी तो राहायचा आणि त्याच गावात हॉर्लिक्सचा कारखाना होता. दूध आणि हॉर्लिक्स घुसळायला त्याने यंत्र केलं, १९२२ साली पेटंटसाठी अर्ज केला. म्हणजे आपल्याला लहानपणी नाक दाबून पाजलेल्या हॉर्लिक्सच्या पोटीच आजची स्मूदी जन्मली. पण दूध घुसळणं वेगळं आणि सुकं खोबरं, भिजलेली डाळ, हळकुंड वाटणं वेगळं. मुंबईत माधुरी माथुर यांचा जर्मन मिक्सर आपल्या मसाल्यांपुढे जळाला. त्यांचे पती सत्यप्रकाश माथुर सीमेन्समध्ये इंजिनिअर. त्यांनी आपल्या वाटणाला पुरून उरेल अशी मोटर बनवायला घेतली आणि १९६३ च्या सुमारास ‘सुमीत’ आला. त्यानंतर पाटे-वरवंटे मोरीबाहेर तुळशीशेजारी गेले. आमच्या सोसायटीत माथुर आडनाव बरंच आहे. मिक्सरचा विषय निघाला की तिथला प्रत्येक जण असा काही खाकरतो, की पहिली मोटर त्यानेच गुंडाळली असावी.

आमच्या सांगलीच्या घरी सुमीत सुरू झाला की ब्लॅक अँड व्हाइट टीव्हीवर मुंग्या यायच्या, बल्ब मंदावायचा आणि आई वरून झाकण दाबून धरायची, डोळे मिटून. शेजारच्या बायका इडलीची डाळ घेऊन रांगेत असत. ‘पाच मिनिटं चालव, दोन मिनिटं थांब,’ हा नियम आईने मोटरला लावला तेवढा स्वतःला कधी लावला नाही. बाबा गेल्यावर सांगलीचं घर आवरून ती आमच्याकडे आली, तेव्हा सामानात तीन गोष्टी तिने स्वतःच्या हाताने बांधल्या: देव, पुरणयंत्र आणि सुमीत. मी तेव्हा नुकताच पारदर्शक भांड्याचा, निळ्या दिव्याचा, बंदुकीच्या गोळीसारखा ब्लेंडर आणला होता. त्यात गोठवलेलं बीट घातलं. आधी वास आला, मग धूर. आईने काही न बोलता सुमीतची पिन सॉकेटमध्ये खोचली.

माझ्या स्मूदीला ती ‘तुझा तो गाळ’ म्हणायची. “दात आहेत तोवर चाव रे. गाळ प्यायला म्हातारपण पडलंय.”

गेल्या हिवाळ्यात तिला अर्धांगाचा झटका आला. हात-पाय सावरले, गिळणं मागे राहिलं. साध्या पाण्याने ठसका लागायचा, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. गिळण्याचे व्यायाम घ्यायला येणाऱ्या मुलीने समजावलं की पातळ पदार्थ घशातून वेगाने घसरतो, दुबळ्या स्नायूंना वेळ मिळत नाही आणि तो श्वासनलिकेत जातो. दाट पदार्थ सावकाश उतरतो. चमचा तिरका केला की गोळ्याने पडलं पाहिजे, धारेने नाही. गुठळी नको, बी नको, दोरा नको. त्यामुळे चिया गेल्या, पालकाचे देठ गेले. राहिलं वाफवलेलं गाजर, दुधी (चाखून), केळं, दही. सुमीतमध्ये गंधासारखं वाटायचं आणि पुन्हा चाळणीतून काढायचं.

ती हनुवटी छातीकडे झुकवते, तसं शिकवलंय. मग गळ्याची घाटी वर जाते, अडते, खाली येते. तो अर्धा क्षण मी चमचा हातात धरून बसलेला असतो. खोकला आला नाही की दुसरा चमचा. इतकी वर्षं तिने आम्हाला किती वाटून घातलं, याचा हिशेब अशा वेळी मनात येतो आणि मी तो मुद्दाम अर्धवट सोडतो.

पहिली वाटी संपली तेव्हा जड जिभेने ती म्हणाली, “मीठ कमी.”

मी सवयीने मोबाईल उचलला. “आधी तोंड पूस,” ती म्हणाली. मग पदरही सारखा करून घेतला. फोटो ग्रुपवर टाकला. आत्येभावाचा अंगठा आला नाही. त्याचा फोन आला, आणि बराच वेळ तो आईशीच बोलत होता, म्हणजे तो बोलत होता आणि ती हुंकार देत होती.

आता भांड्याचं. कामाला येणाऱ्या ताईंनी पहिल्याच आठवड्यात बजावलं होतं, “भैया, ये जूस वाला डब्बा मैं नहीं धोऊँगी।” मला तो उद्धटपणा वाटला होता. आईच्या वाट्याला चुकूनही शिळं काही जायला नको म्हणून भांडं मी स्वतः धुवायला लागलो, तेव्हा पात्याखालचं रबर पहिल्यांदा काढलं. दांड्याला पालकाचे दोरे गुंडाळलेले, रबराच्या खाचेत काळपट बुळबुळ आणि अगदी तळाशी सफरचंदाची एक बी, बहुधा ‘निरोगी सुरुवात’च्या काळातली. ताई बरोबर होत्या. बायकोही, पण ते तिला कळवायची घाई नाही.

तर स्मूदी करणाऱ्या तमाम पुरुषांना विनंती: फोटो खुशाल काढा, पण त्याआधी भांड्यात पाणी घालून एकदा फिरवा, पातं उलटं फिरवून सोडवा, रबर काढा, जुन्या टूथब्रशने खाच घासा आणि उन्हात पालथं घाला. रबर बसवताना सपाट बाजू खाली.