तंबू गडाखाली

शनिवारी रात्री पवना धरणाच्या काठावर उभं राहिलात तर तुंग दिसत नाही, तिकोना दिसत नाही, लोहगड-विसापूरही दिसत नाहीत. दिसतात रंगीत दिव्यांच्या माळा आणि पडद्यावर लावलेला सिनेमा. ऐकू येतात एकमेकांवर कुरघोडी करणारे स्पीकर. चार किल्ल्यांच्या मधोमध माणसं मुंबई-पुण्याहून येतात, कोळशावर कोंबडी भाजतात, तंबूत झोपतात आणि सकाळी पोहे-चहा उरकून एकही किल्ला न चढता घरी जातात.

मला याची चीड येते आणि ती मी लपवणार नाही.

पैसे मोजून आलेल्या माणसावर राग नाही. आठवडाभर लोकलला लोंबकळणाऱ्याला पाण्याकाठी एक रात्र काढावीशी वाटली, तर त्यात काय चुकलं? राग आहे तो त्याच्या गळ्यात जे मारलं जातं त्याचा. जाहिरातीत फोटो तिकोन्याचा असतो, पदरात डीजे पडतो. तुंग कुठं, तिकोन्याच्या वाटेवरचा मारुती कुठं, बेडसे लेणं इथून किती जवळ, हे सांगणारं कुणी नसतं. ज्या पाण्याकडे बघत सेल्फी निघतात, त्याखाली मावळातल्या शेतकऱ्यांची शेतं गेलेली आहेत, हेही कुणी सांगत नाही. पवनेच्या धरणग्रस्तांचं पुनर्वसन कित्येक दशकं रखडलं. ९ ऑगस्ट २०११ रोजी, याच धरणाचं पाणी बंद जलवाहिनीतून पिंपरी-चिंचवडला न्यायच्या योजनेविरुद्ध शेतकरी बऊरजवळ एक्स्प्रेस वेवर उतरले. पोलिसांनी गोळीबार केला. तिघांचा जीव गेला. शेकोटीभोवती बसलेल्यांना दहा मिनिटं एवढं सांगा. पाहुणे पळून जाणार नाहीत. उलट पुढच्या वेळी पाण्याकडे नीट बघतील.

आणि ती कोळशाची शेगडी थंडी वाजते म्हणून तंबूच्या आत घेऊ नका. बंद तंबूत तिचा वायू वासही न येता माणूस मारतो. कॅम्पवाल्यांनी हे प्रत्येकाला बजावून सांगितलं पाहिजे.

मुक्काम करायचा तो धावत्या भेटीत हाती न लागणारं बघायला. दुपारी बाराला लोणार सरोवराच्या काठावर येऊन अर्ध्या तासात परत फिरणाऱ्याला एक हिरवट तळं दिसतं. तोच माणूस तिथे रात्र राहिला, तर आदल्या संध्याकाळी गावातल्या दैत्यसूदन मंदिराच्या भिंती निवांत न्याहाळतो. सकाळी झाडीतून ओरडणारे मोर ऐकत खाली उतरतो. सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचं, उल्का आदळून बसाल्टमध्ये पडलेलं विवर आपण पायांनी उतरतो आहोत, हे त्याला तेव्हा उमगतं. वेरूळ आणि अजिंठा एकाच दिवसात उरकणाऱ्या सहलींबद्दल तर बोलायलाच नको. एवढंच सांगतो की वेरूळ मंगळवारी बंद असतं आणि अजिंठा सोमवारी. मधे मुक्काम ठेवा.

आता गडांकडे वळतो, कारण खरं भांडण तिथलं आहे.

जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. अकरा महाराष्ट्रातले, बारावा तमिळनाडूतला जिंजी. फटाके वाजले, फलक लागले. मलाही आनंद झाला. पण त्यानंतरच्या प्रत्येक शनिवार-रविवारी त्या वारशावर आपण काय करतो, ते एका टाक्यापाशी बसून बघा.

गडावरचं टाकं म्हणजे कातळात खोदलेली पाण्याची साठवण. आतल्या भिंतीवर छिन्नीचे तिरपे घाव अजून मोजता येतात. खोदताना निघालेला दगड वाया गेला नाही, तो तटाला आणि जोत्यांना लागला. पाणी साठवणं आणि तट उभारणं, दोन्ही एकाच मेहनतीत झालं. काही ठिकाणी वर कातळाचंच छत ठेवून मधे खांब सोडलेत. त्या खांबटाक्यांत ऊन शिरत नाही, पाणी कमी आटतं, वैशाखातही हात गारठतो. वर नदी नाही, नळ नाही. पावसाच्या चार महिन्यांत जे भरलं त्यावर पुढचा जून गाठायचा. तो साठा सगळ्यांचा आहे, येणाऱ्या ट्रेकरचा, गुराख्याचा, पाखरांचा आणि माकडांचा. त्यात आपण तेलकट पातेली विसळतो, साबणाने हातपाय धुतो. काठावर बसलात की नूडल्सचं रिकामं पाकीट पाण्यावर एका कडेहून दुसऱ्या कडेला जाताना दिसतं. साबण एकदा पडला की टाक्यातून बाहेर जायला त्याला वाटच नसते.

तंबूची खुंटीही बघा. गडावर सपाट जागा कुठं असते? वाड्यांच्या जोत्यांवर. तिथेच तंबू पडतात. खुंटी दगडांमधल्या चुन्यात ठोकली जाते, चुना उकरला जातो, पावसाचं पाणी आत शिरतं, पाठोपाठ झुडपाचं बी रुजतं, मूळ दगड ढकलतं. मग चुलीला तीन दगड हवेत म्हणून तटाचे ढासळलेले दगड उचलले जातात. ते जिथे पडले तिथेच राहिले, तरच दुरुस्ती करणाऱ्याला तट कसा होता ते कळतं. सकाळी काळे पडलेले ते तीन दगड तिथेच टाकून मंडळी उतरतात आणि खाली येऊन महाराजांचा जयजयकार करतात. जयजयकार जरूर करा. दगडही जागच्या जागी राहू द्या.

यावर मला एक उत्तर नेहमी मिळतं. राजगडावर पद्मावतीच्या देवळात मुक्कामाची रीत जुनी आहे, गोनीदांनी, म्हणजे गो. नी. दांडेकरांनी, तिथे किती रात्री काढल्या, ‘दुर्गभ्रमणगाथा’ अशीच लिहून झाली, मग आम्ही राहिलो तर बिघडलं कुठं? बिघडलं ते संख्येत. गोनीदांच्या काळी गडावर राहणारी माणसं मूठभर होती आणि ती गड ओळखून होती. संजीवनी माचीचे चिलखती बुरूज आणि दुहेरी तट, सुवेळा माचीचं नेढं, हे पाहायला ती पुन्हा पुन्हा जात आणि वाकळ पांघरून देवळात पडत. आज एका रात्री बसमधून उतरणारा जमाव शौचाला कुठे जातो, हा प्रश्न विचारा. उतारावर जातो, आणि उताराखाली टाकी आहेत. गोनीदांचं नाव घ्यायचं तर त्यांच्यासारखं गडाला सांभाळूनही घ्यायला हवं.

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. तंबू गडावर नको. मुक्काम पायथ्याच्या गावात करा आणि गड दिवसा चढा.

‘मग वरची मजा गेली’ असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी हरिश्चंद्रगड सांगतो. कोकणकड्यावर ऐन हंगामात तंबूंच्या ओळी लागतात. मंदिराजवळच्या लेण्यांत जाळलेल्या सरपणाची काजळी छताला बसली आहे. हरिश्चंद्रेश्वराचं ते मंदिर, ज्याच्याशी चांगदेवांच्या ‘तत्त्वसार’ ग्रंथाचं नाव जोडलेलं आहे. बाजूच्या केदारेश्वराच्या गुहेत कमरेइतक्या गार पाण्यात उभं असलेलं शिवलिंग, त्याभोवतीच्या चार खांबांपैकी उरलेला एकच. या सगळ्याला रात्री आपली गरज नाही. आणि कोकणकड्याचं सगळ्यात मोठं नवल तर सकाळीच दिसतं. कडा पश्चिमेकडे तोंड करून आत वळलेला आहे. पावसाळ्याच्या आगेमागे दरीत ढग भरलेले असले आणि सूर्य पाठीशी असला, तर समोरच्या ढगात गोल इंद्रवज्र उमटतं आणि त्याच्या मधोमध आपली सावली पडते. सूर्य पाठीशी यायचा तर सकाळ हवी. पायथ्याच्या पाचनईत झोपा, तांबडं फुटताच वाटाड्या घेऊन निघा, कोवळ्या उन्हात कड्यावर पोचाल. तंबू वाहून नेण्याचं ओझं नाही, त्यामुळे कड्याच्या कडेला पोटावर पडून खाली बघायला अंगात जोर उरलेला असतो. पडूनच बघा, उभं राहून नव्हे.

पाचनईतल्या घरात ओसरीवर पथारी मिळते. ताटात भाकरी, पिठलं, ठेचा, वर भात आणि कालवण. रात्री घरातली म्हातारी माणसं शेजारी येऊन बसतात आणि नळीच्या वाटेने कोण कसं चढलं, तारामती शिखरावर ढग कधी अडकतो, ते सांगतात. या माहितीला कुठल्याही ॲपमध्ये जागा नाही. पैसे थेट त्या घरात जातात. शहरातला आयोजक माणशी पैसे घेतो, गावाला सरपणाचे आणि भाकऱ्यांचे चार पैसे टेकवतो आणि कचरा मात्र गावातच ठेवून जातो. हा हिशेब गावकऱ्यांनी उलटा फिरवला पाहिजे, आणि आपण त्यांच्या बाजूने उभं राहिलं पाहिजे.

काजव्यांबद्दल बोलल्याशिवाय मला थांबता येणार नाही.

मेअखेरीपासून पाऊस जोरात लागेपर्यंत भंडारदऱ्याच्या आसपास, कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात, हिरडा-बेहड्याची झाडं काजव्यांनी लखलखतात. नर लुकलुकून मादीला बोलावतो. प्रत्येक जातीची लुकलुकण्याची लय वेगळी असते आणि मादी त्या लयीवरून आपला जोडीदार ओळखते. ती बहुतेक वेळा खाली, गवतात किंवा झुडपात बसलेली असते. काजव्याची अळी महिनोन् महिने ओल्या मातीत गोगलगायी खाऊन वाढते आणि पंख फुटल्यावर त्याच्या हाती फार थोडे दिवस असतात. त्या थोड्या दिवसांत आपण गाड्यांच्या रांगा लावतो, हेडलाइट झाडांवर मारतो, मोबाइलचे फ्लॅश उडवतो आणि फोटोसाठी गवत तुडवत झाडापर्यंत जातो. उजेडात नराचा इशारा मादीपर्यंत पोचत नाही. गवतात बसलेली मादी बुटाखाली जाते. ज्या झाडाखाली यंदा गर्दी झाली तिथल्या काजव्यांचं पुढच्या वर्षी काय होणार, ते समजायला जीवशास्त्राची पदवी लागत नाही. गाडी गावात लावा, वाटेवरून हलू नका, दिवे बंद ठेवा. ते जमणार नसेल तर जाऊ नका. हे मी सौम्य करून लिहिणार नाही.

हे सगळं लोकांच्या समजुतीवर सोडून भागणार नाही, हे मला मान्य आहे. साताऱ्याच्या कास पठारावर गावकऱ्यांची समिती आणि वनखातं मिळून ऑनलाइन नोंदणी करतात, दिवसाला किती माणसं यायची ते ठरवतात, गाड्या लांब उभ्या करायला लावतात. जिथे कातळावर जेमतेम बोटभर माती आहे, तिथे फुलं टिकायची तर दुसरा मार्ग नव्हता. पठाराला जे लागू पडतं ते गडाला का लागू पडू नये? वारसा यादीतल्या महाराष्ट्राच्या अकरा किल्ल्यांपैकी सात केंद्राच्या पुरातत्त्व खात्याकडे आहेत, साल्हेर, राजगड, खांदेरी आणि प्रतापगड राज्याकडे. स्मारकांसाठीचे कायदेही दोन, १९५८ चा केंद्राचा आणि १९६० चा राज्याचा. कागदावर अधिकार भरपूर आहेत. पण राजगडाच्या दारावर शनिवारी संध्याकाळी पाचला वर जाणाऱ्या टोळीला अडवायला माणूस कोण? आणि अडवलं तर त्यांनी झोपायचं कुठं? दोन्ही प्रश्नांची उत्तरं एकदम दिली नाहीत तर नुसती बंदी अर्ध्या मोसमात वाऱ्यावर जाते.

म्हणून मागणी गडाच्या वरची नाही, खालची आहे. पायथ्याच्या प्रत्येक गावात शौचालयं, पाण्याची सोय, तंबूंसाठी ग्रामपंचायतीने राखलेलं एक माळरान, घरगुती मुक्कामाची नोंदवही आणि प्रशिक्षण घेतलेले गावातलेच वाटाडे. स्पीकरला रात्री परवानगी नाही. आदल्या दिवसापर्यंत नोंदणी, ठरलेला आकडा भरला की नाव नाही. जमलेल्या पैशांतला वाटा टाकी उपसून साफ करायला. वारसा यादीच्या सोहळ्यांसाठी मांडव घालता येतो, तर राजगडाच्या पायथ्याच्या गुंजवण्यात शौचालयांची एक ओळ बांधायला अडचण कसली? राजगडापासून सुरू करा. त्याच गडाखालच्या पाली आणि भुतोंड्याची पाळी त्यानंतर लगेच यायला हवी.